पाण्यावरून आलेली हाक

आमच्या घरात पावसाळा आला की चूल एकदाच पेटायची. आम्ही तापीच्या पात्रात टरबुजाची वाडी करणारी माणसं. थंडीत नदी आटली की वाळूत खड्डे करायचे, खत टाकायचं, बिया लावायच्या, आणि उन्हाळाभर टोपल्या डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडायचं. बाप पुढे, आई मागे. बापाची हाळी दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायची, "टरबूज ल्या, टरबूऽऽज! कापी दखाडू, लाल निंघनं ते ल्या!" नदीला पाणी आलं की आमचं शेतच पाण्याखाली जायचं. मग चार महिने आई दुसऱ्यांच्या कपाशीत निंदायला जायची आणि बाप मिळेल ते ओझं उचलायचा. संध्याकाळची भाकरी, सकाळी तिचाच तुकडा. हे मी रडायला सांगत नाही. होतं ते असं होतं.

माझा थोरला भाऊ पुरात गेला तेव्हा मी तिसरीत होतो. वाडीतले वासे आणि दोर काढून आणायला तो पात्रात उतरला, आणि वरून पाणी आलं. गाव काठावर जमलं. अंधारून आलं होतं, समोरचा काठ दिसत नव्हता. तेवढ्यात पाण्याकडून हाक आली. "मायऽऽ!"

मी ती ऐकली. सगळ्यांनी ऐकली. आई पुढे धावली आणि ओ देणार, तोच माझ्या चुलतीने तिच्या तोंडावर हात दाबला.

"ओ नको देऊ! तो तुन्हा पोऱ्या नही. पानी बोली ऱ्हायनं."

आमच्या काठावरची ही जुनी समजूत. पुराच्या पाण्यावरून आपल्याला हाक आली तर ओ द्यायची नाही. बुडालेले हाक मारतात, आणि जो ओ देतो त्याला पाणी ओढून नेतं. चुलती वाईट नव्हती. एक गेला, दुसरी जाऊ नये म्हणून तिने तोंड दाबलं. हाक आणखी एकदा आली, जरा खालच्या अंगाने. मग नुसतं पाणी वाहत राहिलं. भाऊ सापडला नाही.

त्यानंतर आई कधीही, भाकरी थापताना, लुगडं पिळताना, मध्येच थांबून विचारायची, "तो व्हता का पानी व्हतं?" बाप उठून बाहेर जायचा.

मी शिकलो. धुळ्याच्या कॉलेजात बी.ए. झालो. आमच्या घरात, आमच्या भाऊबंदांत, त्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं. एस.टी.च्या टपावर डबा यायचा, त्यात भाकरी आणि ठेचा. तो खाऊन मी परीक्षा दिल्या आणि पास झालो. बाप टरबूज कापताकापता गिऱ्हाइकाला सांगायचा, "मन्हा पोऱ्या बी.ए. शे." गिऱ्हाईक म्हणायचं, "मंग टरबूज कमी भावमा दे!" मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पुढे नदीकाठच्या एका तालुक्यात मी तहसील कचेरीत लागलो. नव्वदनंतरची गोष्ट. पावसाळ्यात पूर नियंत्रणाची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. नियंत्रण म्हणजे एक टेबल, एक टेलिफोन आणि पोलिसांचा वायरलेस. बाकी सगळं माणसांच्या ओळखीवर. कुणाची नाव कुठे बांधलेली आहे, कुणाकडे लांब दोर आहे, कुठल्या शाळेची किल्ली कुणाकडे, हे मी उन्हाळ्यातच हिंडून विचारून ठेवायचो. आग्रा रोडला नरडाण्याजवळचे पंक्चरवाले निरोप गेला की ट्रकच्या ट्यूबा हवा भरून पाठवायचे. आणि लग्नाकार्यात भोंगे लावणारे एक चाचा होते. ते बॅटरी, मशीन आणि भोंगा घेऊन नावेत बसायला तयार असायचे. धुक्यात अडकलेल्या माणसांना हाक मारायला भोंग्यासारखी सोय नव्हती. निदान मला तसं वाटायचं.

त्या वर्षी श्रावणात तापी फुगली. काठच्या एका गावाची खालची वस्ती पाण्यात गेली. सकाळपासून आम्ही माणसं काढत होतो, आणि दुपारपर्यंत बहुतेक सगळी शाळेत पोचली. राहिलं एकच घर. नदी आणि नाला यांच्यामधल्या उंचवट्यावर त्यांची झोपडी होती. म्हातारी सासू, सून आणि दोन लेकरं. घरच्या कर्त्या माणसाचंही नाव शेजाऱ्यांनी बेपत्ता म्हणून सांगितलं होतं.

दुपार होती, पण दुपारसारखी वाटत नव्हती. बारीक पाऊस, आणि पाण्यावर धुकं इतकं की नावेचं पुढचं टोक दिसलं तर मागचं दिसायचं नाही. उंचवट्यावर बाभळीच बाभळी. झोपडी बुडाली होती, माणसं असतील तर बाभळींवरच. पाणी वर चढलं होतं आणि फक्त शेंडे बाहेर होते, तेही कधी दिसायचे, कधी नाही. एक दाराची फळी वाहत आली, तिची कडी अजून लावलेली होती. कुठूनतरी घंटेचा आवाज यायचा. कुणी म्हणालं महादेवाच्या देवळाची, पाण्याने हलते. कुणी म्हणालं वाहत्या बैलाच्या गळ्यातली. आवाज एका जागी राहत नव्हता, एवढं खरं.

वायरलेसवर निरोप आला की वरच्या धरणाचे आणखी दरवाजे संध्याकाळच्या आत उघडणार. म्हणजे उंचवटा बाभळीच्या शेंड्यांसकट जाणार होता. नावाडी म्हणाला, "साहेब, कोणत्या बाभळीवर आहेत ते कळू द्या, मी नाव घालतो. पण नुसतं शोधत काट्यांत शिरलो तर नाव अडकेल, आणि मग आम्हीच बेपत्ता." त्याचं बरोबर होतं. नाव एकच होती. काठाला बांधलेल्या दोरावर ती सोडायची आणि ओढून घ्यायची. एकदा चुकीच्या जागी उतरली की परत वर आणायला वेळ उरला नसता.

म्हणून हाका सुरू झाल्या. नावेत नावाडी, चाचा आणि गावचा कोतवाल. कोतवालाला घरटी माणूस ठाऊक, म्हणून माइक त्याच्या हातात दिला. चाचांनी मशीनवर छत्री धरली आणि मला ओरडून सांगितलं, "साहेब, मशीन भिजलं तर माझं नाव बी बुडालेल्यांत लिहा!"

नाव धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. मग पाण्यावरून नुसता आवाज यायला लागला. कोतवाल एकेक नाव घ्यायचा. म्हातारीचं. सुनेचं. लेकरांचं. भोंग्यातून ते नाव घसा बसल्यासारखं यायचं, पलीकडच्या काठावर आपटायचं आणि परत यायचं. परत आलेलं नाव कोतवालाच्या आवाजातलं वाटायचं नाही. काठावर एवढी माणसं उभी होती, पण कुणी खोकतसुद्धा नव्हतं. बायांनी पदर तोंडात धरले होते.

उत्तर आलं नाही. पुन्हा नावं, पुन्हा काही नाही.

पुढे भोंग्यातून घरच्या कर्त्या माणसाचं नाव आलं. माझ्या शेजारी पोतं पांघरून एक माणूस मघापासून पाण्याकडे बघत उभा होता. ते नाव ऐकलं आणि त्याने डोळे गच्च मिटले. दुसऱ्यांदा नाव आलं. त्याने दोन्ही कान दाबले.

मी विचारलं, "भाऊ, तुमचं नाव काय?"

त्याने माझ्या कानाशी येऊन सांगितलं. तेच नाव. तो आदल्या दिवशी नरडाण्याला बहिणीकडे गेला होता आणि सकाळी रस्त्याने परत आला होता. बायको, आई, लेकरं पलीकडे. त्याला बेपत्ता धरलंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हालाही तो आल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

"अहो, तुमच्या नावाने हाका चालल्यात! ओ का दिली नाही?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मीच काही भलतं बोललो असल्यासारखा. "साहेब, पानीवरथीन उनेल हाकले कोनी ओ देस का? बठ्ठासले ठाऊक शे."

मी तिथे उभ्या उभ्या तिसरीतला पोरगा झालो. चुलतीचा हात दिसला, आईचे डोळे दिसले. आणि मग दुसरी गोष्ट दिसली. हा माणूस जमिनीवर, चार माणसांत उभा असून ओ देत नाही. मग बाभळीच्या शेंड्यावर, धुक्यात, खाली पाणी असताना त्याची बायको कशी देईल? आपण दुपारभर भोंगा लावून त्यांना गप्प बसवत होतो.

मी दोर ओढायला लावला. नाव काठाला आली. कोतवाल म्हणाला, "काही उपयोग नाही साहेब. असते तर बोलले असते."

"उतरा तुम्ही," मी म्हटलं, आणि त्याच्या जागी बसलो. चाचांनी विचारलं, "आता कुणाचं नाव घेणार?"

"कुणाचंच नाही."

काय ओरडायचं हे मी नाव परत धुक्यात शिरेपर्यंत ठरवलं नव्हतं. हाक अशी हवी होती की जी कुणालाच मारलेली नाही, आणि मेलेला माणूस कधी मारणार नाही. मला एकच तशी येत होती. माइक तोंडाशी धरला आणि बापाच्या सुरात ओरडलो,

"टरबूज ल्या, टरबूऽऽज! कापी दखाडू, लाल निंघनं ते ल्या!"

नावाडी वल्हं सोडून माझ्याकडे बघायला लागला. चाचा म्हणाले, "या अल्ला, साहेबाला झपाटलं." पलीकडच्या काठावरून टरबूज परत आलं. मी पुन्हा ओरडलो. श्रावणातल्या पुरात, तहसील कचेरीचा माणूस, बी.ए. पास, धुक्याला टरबुजं विकत होतो.

आणि डाव्या अंगाच्या बाभळींतून बाईचा आवाज आला. चिडलेला, थंडीने थरथरणारा, पण जिवंत माणसाचा.

"पूरमा टरबूज कोन इकी ऱ्हायना रे भो? डोकं फिरनं का तुन्हं?"

चाचा इतके हसले की छत्री पाण्यात गेली. "बाई, बोलत राहा!" नावाडी ओरडला. "शिव्या द्या, पण बोलत राहा!"

तिने दिल्या. आमच्या टरबुजांना, आमच्या नावेला, आमच्या सात पिढ्यांना. त्या शिव्यांच्या दिशेने नावाड्याने नाव घातली. एका जुन्या बाभळीच्या बेचक्यात चौघं बसली होती. सुनेने पदराने दोन्ही लेकरं खोडाला बांधली होती. वरच्या फांदीला एक साप गुंडाळून बसला होता, तो त्यांच्याकडे बघत नव्हता आणि ती त्याच्याकडे. म्हातारीच्या तोंडात पदराचा बोळा होता. हाका यायला लागल्यावर चुकून ओ जाऊ नये म्हणून तिने तो स्वतःच घातला होता.

नावेत बसल्यावर सुनेला विचारलं, मग टरबूजवाल्याला कसं बोललात? ती म्हणाली, "ती हाक आमले नव्हती ना. आन् मरेल मानूस धंदा नही करत."

काठाला लागलो तेव्हा तो पोतं पांघरलेला माणूस गुडघाभर पाण्यात आला आणि लेकरं उचलून घेऊन निघाला. एक शब्द बोलला नाही. म्हातारीने मागून त्याला हाक मारली, तेव्हा मात्र वळून म्हणाला, "ओ, माय."

चाचांनी मशीन बंद केलं, बॅटरीची तार काढली. नाव रिकामी होती. सगळ्यांची मोजणी झाली होती, कुणी राहिलं नव्हतं. आणि तेव्हा पाण्याकडून एक हाक आली. लांबून, खालच्या अंगाने. कुणाला मारली ते कळलं नाही. चाचांनी हातातल्या काढलेल्या तारेकडे पाहिलं. बायांचे पदर परत तोंडाला गेले.

मी पाण्याच्या कडेला गेलो आणि जितका मोठा आवाज होता तितक्या मोठ्याने म्हटलं, "ओऽऽ!"

कुणी मागून माझा शर्ट धरला. मी आणखी एकदा ओ दिली. मग नावाड्याला म्हटलं, दोर सोड, एकदा खालपर्यंत बघून ये. तो गेला. आम्ही काठाकाठाने दोर धरून चालत राहिलो, वरून पाणी येईपर्यंत. कुणी सापडलं नाही. पुढेही त्या दिवसाचा कुणी माणूस कमी भरला नाही. ती हाक कुणाची, मला माहीत नाही. मला पाण्याने ओढून नेलं नाही.

पूर ओसरल्यावर घरी गेलो आणि आईला सगळं सांगितलं. टरबुजाची हाळी ऐकून ती जरा हसली. शेवटच्या हाकेचं सांगितलं तेव्हा तिने ताटातला हात थांबवला.

"तू ओ दिनी?"

"दिली."

"बरं कयं, ओ दिनी ते," ती म्हणाली, आणि जेवायला लागली. त्यानंतर तिने तो जुना प्रश्न मला कधी विचारला नाही.

आमच्या तालुक्यात पुढच्या प्रत्येक पुराला मी नावेतल्या माणसांना दोनच गोष्टी सांगायचो. पाण्यावरून कुणाचं नाव घ्यायचं नाही. आणि पाण्यावरून हाक आली तर ती कुणाचीही असो, ओ द्यायची आणि नाव पाण्यात सोडायची. माझी बदली होईपर्यंत हे पाळलं गेलं. आणि त्या दिवशी आम्ही चौघांना बाभळीवरून जिवंत उतरवलं.