मिससाहेबांच्या वतीने माफी

आमच्या नानांना माफी मागायची फार हौस. नाना म्हणजे माझे वडील. गल्लीत, चर्चमध्ये, कोर्टात सगळेच त्यांना नाना म्हणत, म्हणून आम्हीही. कुणाच्या वडिलांना तंबाखू लागते, कुणाच्या वडिलांना पत्ते. आमच्या वडिलांना कार्यक्रमाच्या शेवटी उभं राहून, हात जोडून, "आमच्याकडून काही चुकलं-माकलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घालावं," एवढं म्हणायला मिळालं की झालं. धुळ्यातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत नाताळचा कार्यक्रम असो की पाळकसाहेबांच्या मुलीचं लग्न, आभार नानांकडे. माझ्या बहिणीच्या लग्नात तर त्यांनी व्याह्यांची इतक्या वेळा माफी मागितली की व्याही घाबरले. मला मांडवाबाहेर नेऊन म्हणाले, "पोरीत काही खोड आहे का हो? असेल तर आत्ताच सांगा."

मी तेव्हा दीपनगरला कोळशावरच्या वीज केंद्राच्या ऑफिसात टायपिस्ट होतो. शनिवारी संध्याकाळी अंगावरची राख झटकायची, एसटी धरायची, रविवारी धुळ्याला उपासना आणि आईच्या हातचं जेवण उरकून परत. टीव्हीवर रविवारी सकाळी मालिका लागायला लागल्या तेव्हा आमच्या मंडळीने उपासना तासभर पुढे ढकलली होती, एवढ्यावरून आमच्या श्रद्धेचा अंदाज यावा. पण मिससाहेबांची बातमी आली आणि आम्ही एकदम कडक झालो.

मिससाहेब परदेशी नर्स. तरुणपणी आल्या त्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, मिशनच्या दवाखान्यात. मराठीच्या आधी अहिराणी शिकल्या, कारण पेशंट अहिराणीत कण्हायचे. माझ्या जन्माच्या वेळी आईला तिथेच नेलं होतं. मी नोकरीला लागलो, मिशा राखल्या, तरी भेटल्या की चारचौघांत म्हणायच्या, "तुले उलटा धरीसन पहिली चापट मी मारेल शे." पुढे त्यांचा इथला व्हिसा वाढेना. मग त्या आफ्रिकेतल्या एका देशात गेल्या. तो देश नकाशात दाखवायचा तर पाळकसाहेबांना दोनदा चष्मा पुसावा लागायचा.

एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब म्हणाले, बसून राहा. मिशनकडून पत्र आलं होतं की मिससाहेबांना तिथल्या सरकारने तुरुंगात टाकलंय. दवाखान्यात परवानगीशिवाय लोक जमवून प्रार्थना घेतली, पुस्तकं वाटली, असा आरोप. त्यांच्याबरोबर दवाखान्यातल्या एका कंपाउंडरलाही धरलं होतं. तो तिथलाच माणूस. हे वाक्यही पाळकसाहेबांनी स्पष्ट वाचलं होतं. आमच्यातल्या कुणीही त्यावर काही विचारलं नाही. मागच्या बाकावर बाया रडायला लागल्या होत्या, त्या मिससाहेबांसाठी.

शुक्रवारचे उपास सुरू झाले. आमची आत्या म्हणाली, त्यांना बिबडे फार आवडायचे, डबाभर पाठवू. ज्वारीच्या त्या पापडांचा चुरा होणार हे कुणाला सुचलं नाही. तुरुंग म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे धुळ्याचा तुरुंग, आणि तिथे ओळखीचा शिपाई असला की डबा आत जातो, हे नानांना ठाऊक होतं. पण मिशनने सांगितलं, डबे नकोत, अर्ज पाठवा. या बाई कोण, त्यांनी तुमच्याकडे काय काम केलं, आणि त्यांना सोडावं ही विनंती. एवढंच लिहा.

'एवढंच लिहा' हे नानांना लागलं. कोर्टात उभी हयात अर्ज हाताळण्यात गेलेली. म्हणाले, "विनंती अशी कोरडी करायची असते का? तो काय किराणा मागवायचा कागद आहे?"

ओट्यावर पाट मांडून त्यांनी आधी मराठीत मसुदा केला. पहिला भाग खरोखर चांगला होता. मिससाहेब पुराच्या पाण्यातून बाळंतिणीकडे कशा गेल्या, महारोग्याच्या जखमा हाताने कशा धुतल्या, हे सगळं त्यात होतं. आणि शेवटी: 'सदर बाई आम्हांस लेकीसारख्या असून त्यांच्या हातून काही चूक घडली असेल तर ती उदार अंतःकरणाने पदरात घेऊन त्यांची मुक्तता व्हावी.'

आईचे डोळे भरून आले. मलाही वाक्य आवडलं, खोटं कशाला बोलू.

शेजारचे गुरुजी सहीला आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, बौद्ध, मितभाषी. मिससाहेबांनी त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करवून दिलेलं, म्हणून बोलावण्याआधीच आले. कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "नाना, यात माफी कशाची मागताय?"

"माफी नाही हो. रीत असते अर्जाची."

"पण चूक काय त्यांची?"

"असेल तर, असं लिहिलंय ना. असेल तर."

"आपल्याला वाटतं का, असेल?"

"छे."

"मग?"

नाना हसले. आम्ही सगळेच हसलो, समजूतदारपणे, जसं अर्जातलं काही न कळणाऱ्या माणसाला हसतात. गुरुजी म्हणाले, "आमच्यात हे 'पदरात घ्या' सोडून द्यायला पिढ्या गेल्या, नाना. म्हणून डोळ्याला टोचतं. बाईंसाठी सही करतो." आणि केली.

मग नानांनी त्याचं इंग्रजी केलं. नानांचं इंग्रजी कोर्टात शिकलेलं. त्यात प्रत्येक माणूस लीनपणे प्रार्थना करायचा आणि प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी पायाशी जाऊन बसायचं. दयेच्या अर्जाचा एक ठरलेला साचा त्यांना पाठ होता, त्यात त्यांनी मिससाहेबांना बसवलं. त्या साच्यात 'असेल तर'ला जागाच नव्हती. कागदावर उतरलं ते असं, की या बाईंना आपल्या अपराधाबद्दल पश्चात्ताप आहे आणि त्यांच्या वतीने त्यांची माणसं क्षमा मागतात. मी दीपनगरला ऑफिसच्या मशीनवर ते टाइप केलं. आमच्याकडे टायपिस्टने मजकूर वाचायचा नसतो, अक्षरं वाचायची असतात. समास फार सुंदर सोडले होते, ते मात्र आठवतं.

सह्यांसाठी आम्ही गावोगाव फिरलो. पाचोऱ्याचे मामा, धरणगावचे एक कापूसवाले आबा, ज्यांच्या दोन्ही नाती मिशनच्या दवाखान्यात जन्मल्या होत्या, असे कोण कोण. आबांनी सही करून विचारलं, "बाई सुटतीन ना रे भाऊ?" मी म्हणालो, आता सुटल्याच समजा. एक प्रत दिल्लीला त्या देशाच्या वकिलातीत गेली, एक मिशनमार्फत थेट तिकडे.

काही महिने गेले. आणि मिससाहेब खरंच सुटल्या.

पेढे वाटले गेले. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून नानांचं नाव घेतलं. गल्लीत ते अर्जवाले नाना झाले. रेशनकार्डापासून बदलीपर्यंत लोक कागद घेऊन यायला लागले, आणि नाना प्रत्येकाला चूक नसताना माफी मागायला लावत. मी दीपनगरच्या कॉलनीत बढाया मारल्या. टायपिंग माझं, हे सांगायला विसरलो नाही.

हिवाळ्यात मिससाहेब आल्या. थोड्या दिवसांच्या व्हिसावर, जुन्या दवाखान्याला भेट द्यायला, वाटेत आमच्याकडे. अंगावरचे कपडे दुसऱ्याचे वाटावेत इतक्या वाळल्या होत्या. आईने भरीत आणि कळण्याची भाकरी केली. त्या जमिनीवर मांडी घालून जेवल्या, मिरचीचा ठेचा मागून घेतला, माझ्या मुलीला म्हणाल्या, "तुना बापले पहिली चापट—" आणि आम्ही सगळे हसलो. नाना तर मागच्या जन्मीचं पुण्य भेटायला आल्यासारखे समोर बसले होते. अर्जाचा विषय कुणी काढतंय का, याची वाट पाहत होते. शेवटी त्यांनीच काढला.

"बाई, आमचा अर्ज पोचला होता का हो तिकडे?"

मिससाहेबांनी हात धुतले, साडीच्या पदराला पुसले. "पोचला," म्हणाल्या. मग मराठीत, शब्द शोधत, सांगायला लागल्या.

तिथला अधिकारी दर थोड्या दिवसांनी एक कागद आणायचा. लिहून दे की चूक झाली, लगेच सोडतो. त्या सही करत नसत. कंपाउंडरही करत नसे. त्यांच्या दोन कोठड्यांमध्ये एक भिंत होती. दोघांनी ठरवलं होतं, आजारी माणसाच्या उशाशी प्रार्थना केली, ती चूक म्हणायची नाही. दोघांपैकी एकाने म्हटलं तर दुसऱ्याचं बोलणं खोटं ठरतं. कंपाउंडर रोज सकाळी भिंतीवर टकटक करायचा, म्हणजे आजही सही केली नाही. त्याही उलट टकटक करायच्या.

"मग एक दिवस साहेब तुमचा अर्ज घेऊन आला. मला वाचून दाखवला. म्हणाला, तुझ्याच माणसांनी लिहून दिलंय की तू चुकलीस, तुला वाईट वाटतं. एवढं पुरे. मी म्हटलं, हे मी नाही म्हटलं. तो म्हणाला, आता विमानात बस."

"आणि तो कंपाउंडर?" आईने विचारलं. आमच्या घरात त्याच्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

"आत आहे. मला त्याच्याशी बोलू दिलं नाही. त्याला सांगितलं असेल, बाईने माफी मागितली, तू का अडून बसलास? त्याला वाटत असेल, मी सही केली."

मग त्यांनी नानांकडे पाहिलं. रागाने नाही. कुठे दुखतं असं पेशंटला विचारावं, तसं विचारलं, "नाना, मनं काय चुकनं व्हतं?"

नाना सवयीने उभे राहिले. हातही जोडले गेले. "बाई, आमच्याकडून काही चुकलं असेल तर—"

"असेल तर कशाला आता," आई म्हणाली. ताट उचलून आत गेली.

नाना तसेच उभे राहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. मिससाहेबांनीच त्यांना हाताला धरून बसवलं, आणि त्यांची समजूत घालायला लागल्या. इतक्या दिवसांच्या तुरुंगानंतर बाईंनी आमच्या घरी येऊन आमचीच समजूत काढावी, हे बघताना मला माझ्या घरात बसवेना. मी बाहेर ओट्यावर गेलो. गुरुजी तिथे पेपर वाचत होते.

"बाई बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जाण्याआधी मिससाहेबांनी एकच गोष्ट मागितली. कंपाउंडरसाठी अर्ज करा, आणि त्यात माफी मागू नका. त्याचं नाव त्यांनी सावकाश उच्चारून दाखवलं. नाना लिहायला बसले. पहिल्या ओळीतच 'कृपावंत' आलं, ते बाईंनी खोडलं. मग 'नम्र' आलं, ते राहू दिलं. मग नानांचा हात थांबला. काय लिहायचं तेच त्यांना कळेना. जिच्यात कुणी कुणाच्या पाया पडत नाही अशी विनंती त्यांनी कधी लिहिलीच नव्हती. शेवटी गुरुजींना बोलावलं. त्यांनी सांगितलं, नानांनी लिहिलं, चार ओळींत संपलं. मी टाइप केलं, या वेळी वाचत वाचत.

सह्या मात्र मिळेनात. पाचोऱ्याचे मामा म्हणाले, "हा कोण रे बाबा? आपला आहे का?" कापूसवाल्या आबांनी चष्मा सापडत नाही असं सांगितलं. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. कुणाला दोष देऊ? मिससाहेबांसाठी धावलो ते आमच्या बाई म्हणून. हा माणूस आमच्या कुणाच्या जन्माला हजर नव्हता. थोड्याच सह्यांचा कागद गेला. उत्तर आलं नाही.

नानांनी आभार मानायचं सोडलं. पुढच्या नाताळला पाळकसाहेबांनी नाव पुकारलं तर त्यांनी बसल्या जागेवरून मान हलवली. आई म्हणाली, तब्येत बरी नाही. घरी मात्र ते अधूनमधून ते नाव पुटपुटायचे, नीट उच्चारता यावं म्हणून.

प्रार्थनेत कंपाउंडर काही काळ होता. पाळकसाहेब त्याच्या नावाला दर रविवारी अडखळायचे. मग ते 'आणि तो बंधू' म्हणायला लागले. मग 'आणि सर्व बंदिवान'. मग चर्चचे पत्रे गळायला लागले आणि प्रार्थना तिकडे वळली. मिससाहेब त्यांच्या देशात परत गेल्या, तिथे वारल्याचं पुढे कळलं. नानाही गेले.

मधे एकदा धुळ्याच्या स्टँडवर पाळकसाहेब भेटले. आता निवृत्त झालेत, ऐकू कमी येतं. बोलता बोलता मी विचारलं, "साहेब, त्याचं पुढे काही कळलं का हो?"

"कुणाचं?"

मी नाव घ्यायला तोंड उघडलं आणि ते मला आठवेना. त्यांनी कानाला हात लावला आणि मी नीट सांगायची वाट पाहत उभे राहिले.

"काही नाही," मी म्हणालो, "तुमची गाडी लागली बघा."