गंगीचं पिच्चरमधलं लग्न

गंगीकडून पहिल्यांदाच चिकू घेणारं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. डहाणू स्टेशनबाहेर ती टोपली घेऊन बसते, आणि कुणी चिकू उचलला की आपणच सांगते, "तो नको, चीक हाय त्यात अजून." शेजारी भाजी विकणाऱ्या चंद्रिकाबेन तिच्यावर रोज करवादतात, की अशाने तुझा माल परत घरी जाईल. तो जातोच. लोक म्हणतात गंगी फार सच्ची बाई आहे. मला तिच्या या सच्चेपणाचा कौतुकापेक्षा रागच जास्त आलेला आहे, आणि हे लिहितानाही येतोय.

मी कैनाडच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले त्याच वर्षी गावात पिच्चरवाले आले. दिग्दर्शकाचं डोकं मोठं होतं पण खिसा फाटका. नायिका मुंबईहून यायची होती, ती आलीच नाही. मग त्याने विहिरीवर आलेल्या पोरींपैकी गंगीकडे बोट दाखवलं. गंगी तेव्हा नुकती वयात आलेली, उन्हात राबून काळवंडलेली, आणि कॅमेऱ्याला अजिबात न बिचकणारी. सिनेमाच्या शेवटी नायक-नायिकेचं लग्न होतं. रीळ फार उरलं नव्हतं, तेव्हा पुन्हापुन्हा शॉट घेणं परवडणार नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, खरं लग्न जसं लागतं तसं सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावा, मी मधे बोलणार नाही.

वारल्यांच्या लग्नाला भटजी लागत नाही. धवलेरी लागते. ती बाई मांडवात बसून देवांची, नवरा-नवरीची गाणी गाते आणि तिच्या गाण्याने लग्न लागतं. कैनाडची धवलेरी जानी. जानीने दिग्दर्शकाला स्वच्छ सांगितलं की खोटं गाणं तिला येत नाही. तो खूश होऊन म्हणाला, अगदी खरं गा. मग सवाशिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढला, हळद लागली, आणि जानी दिवस कलेपर्यंत गायली. नायक पुण्याचा होता. दुसऱ्या दिवशी तो अंगावरच्या हळदीसकट एसटीत बसून गेला, आणि आम्ही सगळे हसलो. गंगीही हसली.

पुढे गंगी सुक्याबरोबर राहू लागली. सुक्या शेजारच्या पाड्यावरचा, बोर्डीच्या वाड्यांमधून चिकू उतरवायला जायचा. आधी संसार मांडायचा आणि जमेल तेव्हा लग्न लावायचं, यात तिथे कुणाला वावगं वाटत नाही. आईबापाच्या लग्नात पोरं नाचलेली मी पाहिली आहेत. दंडक एवढाच, की आईबापाचं लग्न लागल्याशिवाय पोरांचं लागत नाही. एका वर्षी भात बरं पिकलं तेव्हा सुक्या हौसेने जानीकडे गेला. जानी म्हणाली, गंगीवर मी गायले आहे, ते उतरल्याशिवाय पुन्हा कशी गाऊ?

मग आजूबाजूच्या गावांतल्या धवलेऱ्या झाल्या. त्या म्हणाल्या, जानीने चढवलं ते जानीनेच उतरवायचं. काडीमोड घ्यावा तर नवऱ्याने पंचांपुढे येऊन बसायला हवं. कुणीतरी मुंबईत स्थायिक झालेल्या त्या नायकापर्यंत निरोप पोचवला, तेव्हा तो पोट धरून हसला म्हणे. आता तो मालिकांमधून काकाचं काम करतो. टीव्हीवर दिसला की पाड्यावरची पोरं ओरडतात, गंगीचा नवरा आला. तसा सुक्या उठून बाहेर जातो.

मी स्वतः जानीशी भांडले. म्हटलं, अगं, सिनेमा होता तो, नवरासुद्धा खोटाच होता. ती म्हणाली, नवरे बरेच खोटे निघतात, म्हणून काय लगीन मोडतं? तिच्यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी चडफडत घरी आले.

अशी सगळी वर्षं गेली. गंगीचा पोरगा काकड्या मोठा झाला, तलासरीकडच्या शुक्रीला घेऊन आला, त्यांना मुलगी झाली, ती दुडूदुडू चालायलाही लागली. शुक्रीचा बाप चिमण जुन्या वळणाचा माणूस. त्याने बराच काळ कळ सोसली, मग येऊन सांगून गेला, की पाऊस पडायच्या आत लग्न लावा, नाहीतर मी पोरीला घेऊन जाईन. काकड्याचं लग्न गंगीच्या लग्नावाचून अडलेलं, आणि गंगीचं त्या पिच्चरमुळे.

आणि अशात बातमी आली की तोच सिनेमा पुन्हा निघतोय. शूटिंगवाल्यांना गाड्या आणि माणसं पुरवणारा डहाणूचा तुषार आहे, त्याने ती आणली. गोष्ट तीच, गाव तेच, नट-नट्या नवे. डहाणूत जो तो बोलायला लागला, नव्या पोरीला जुन्या गंगीची सर येणार का? माझं मत मी कुणी विचारायच्या आत देत होते. झालं ते एकदा झालं, त्याला पुन्हा कशाला हात लावायचा? त्या चर्चेत गंगीने मला एकच विचारलं, लग्न पण तेच लावणार का? मी म्हटलं, हो, तेच. ती टोपली चंद्रिकाबेनच्या हवाली करून सरळ जानीकडे गेली.

जानी आता पार थकलेली, डोळेही गेलेले. तिने बरेच दिवस विचार केला आणि मग सांगितलं, की त्याच लग्नात गंगीच्या जागी दुसरी पोर उभी राहिली आणि तिच्यावर लग्न लागलं, तर गंगीवरचं उतरेल. एका जागी दोघी कशा राहतील?

नवा सिनेमा जुन्यापेक्षा चांगला व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. गंगी रोज शूटिंगच्या जागी जायची. नव्या नटीला लुगडं कसं नेसायचं, चौकासमोर पाय कसे ठेवायचे ते दाखवायची. पोरगी गुणी होती, सगळं शिकली, गंगीबरोबर फोटोही काढले. सुक्याने जानीसाठी नवं लुगडं आणलं. इतका बोलका झालेला सुक्या मी पूर्वी पाहिला नव्हता.

लग्नाच्या दिवशी मी जानीला धरून मांडवात नेलं. पाहते तर धवलेरीच्या जागी मुंबईची एक नटी, दात काळे करून बसलेली. गाणं आधीच स्टुडिओत गाऊन घेतलेलं, ते खोक्यातून वाजायचं आणि ती ओठ हलवायची. चौक प्लायवुडवर छापून आणला होता. तुषार काही वाईट मुलगा नव्हे. त्याने जानीला खुर्ची दिली, सरबत दिलं, आणि म्हणाला, आजी, तुम्ही मागे बसून गा की, कोण अडवतंय? जानी खरंच गायला लागली. पण ऊन उतरत होतं म्हणून त्यांनी आधी लग्नाचा शेवट घेतला. अक्षता आज पडल्या आणि हळद उद्या लागणार होती. जानी मधेच थांबली. शेवटाकडून गाणं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी तिला समजावलं, की हे तुकडे नंतर जोडतात, सगळं नीट ओळीने लागतं. हे मी का सांगितलं कुणास ठाऊक, बहुतेक गंगीचं तोंड पाहवेना म्हणून. जानीने ते धरून ठेवलं. म्हणाली, जोडून झालं की लावा माझ्या अंगणात, मला तर दिसत नाही, म्हणून जी पहिल्यांदा उभी राहिली होती तिनेच पाहून सांगावं. ती लागलं म्हणाली तर उतरलं, मग दुसऱ्या दिवशी मी सुक्याचं गाते.

मे महिन्यात तो सिनेमा मोबाइलवर आला. मी माझा टॅब घेऊन जानीच्या अंगणात गेले. सुक्या आला, काकड्या आणि शुक्री पोरीला घेऊन आली, तलासरीहून चिमणही येऊन बसला. मी गंगीला आधीच बाजूला घेऊन बजावलं होतं, की तुला एक शब्द बोलायचाय, लागलं, बाकी काही विचार करू नकोस. तिने मान हलवली होती.

लग्न सुरू झालं. खरं सांगायचं तर सुरेख घेतलं होतं. नटीच्या डोळ्यांतून असं पाणी आलं, की नावं ठेवायच्या तयारीने बसलेल्या मलाही डोळ्यांना पदर लावावा लागला. लग्न संपलं तशी मी टॅब बंद केला. सगळे गंगीकडे पाहायला लागले.

"गंगे," जानीने विचारलं, "लागलं का लगीन?"

गंगी बंद टॅबकडेच पाहत होती. मी तिच्या पाठीला हळूच कोपर लावलं.

"पोरगी ग्वाड हाय," ती म्हणाली. "मनापासून रडली. पर तिला ठाव हाय, संध्याकाळी गाडी येनार हाय न्यायला. मना नव्हतं ठाव. नाय लागलं लगीन."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच मी केलं नाही. जानीने एकदा मान डोलावली आणि भिंतीला धरत आत निघून गेली. काकड्या जमिनीकडे पाहत होता. सुक्या मात्र गंगीच्या समोर येऊन बसला, अगदी जवळ.

"मंग मी कोन तुझा?" त्याने विचारलं.

तो चिडून विचारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. नवरा आहेस, एवढं म्हटलं असतं तरी तो गप्प बसला असता, आणि गंगीने तोंड उघडलंही, पण तो शब्द काही बाहेर येईना.

चिमणने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो उठला, नातीला कडेवर घेतलं आणि शुक्रीला कपडे बांधायला सांगितलं.