युनूस मामा आणि मधल्या खोलीतली ऑर्किडं

तयारी आम्ही सगळ्यांनी मामींच्या जाण्याची केली होती.

गेले मामा.

काल दुपारी. दौंडच्या एसटी स्टँडवर, बाकावर बसल्या बसल्या.

अजून डोक्यात शिरत नाहीये. लिहिलं तर शिरेल म्हणून लिहितेय.

युनूस मामा म्हणजे माझे शिरूरचे घरमालक. मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान होतं त्यांचं. मी कवठ्याची, रांजणगावला कंपनीत क्वालिटीला. सहा वर्षांपूर्वी त्यांची वरची खोली घेतली आणि सहा महिन्यांत भाडेकरूची भाची झाले.

त्याच वर्षी बिल्किस मामींना पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली. कॉट मधल्या खोलीत टाकली, कारण बाथरूम तिथून जवळ.

त्या खोलीला खिडकी नाही.

ज्या बाईनं अंगणात तेलाच्या डब्यांतून मोगरा, शेवंती, काय काय फुलवलं होतं, ती दिवसभर भिंतीकडे बघत पडायची. बोलणं कमी झालं, मग जेवण. मुली दोघी लांब दिलेल्या. त्यांनी मला हळूच विचारूनही ठेवलं होतं, "अम्मीचं काही झालं तर तू आहेस ना तिथं?"

अशात आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनमधलं एक ऑर्किड, फुलं गळाली म्हणून, कचऱ्यात चाललं होतं. मी उचलून आणलं. चार जाड पानं आणि एक वाळकी काडी.

मामांनी उलटंसुलटं करून बघितलं.

"मेलं न्हाई हे. झोपलंय."

आणि सरळ मामींच्या खोलीत नेऊन ठेवलं.

"मामा, तिथं खिडकी नाही."

"मग मी लाइटवाला कशाला हाय?"

आधी काळ्या मातीत लावलं. मुळं कुजली, दोनच वाचली. मग मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून नारळाच्या शेंड्या आणि कोळशाचे तुकडे आले.

पहिला लाइट आणला तो जांभळा. झाडांसाठी खास मिळतो म्हणे. मामींनी एक दिवस सोसला, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ह्या उजेडात मी मेल्यावानी दिसते. काढा आधी ते."

काढला. पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या फळीखाली ठोकल्या, पानांपासून हातभर वर. टायमर बसवला. सकाळी सातला त्या खोलीत दिवस उगवायचा, संध्याकाळी सातला मावळायचा.

दीड वर्ष नुसती पानं.

मग कुठूनतरी कळलं की याला फुलायला थोडा गारवा लागतो. त्या थंडीत मामा रोज झोपायच्या आधी कुंडी मागच्या पडवीत ठेवायचे आणि सकाळी आत आणायचे. न चुकता. शेवटी पानाच्या बगलेतून हिरवा कोंब निघाला. मूळ आहे का फुलाचा दांडा, यावर नवराबायको आठवडाभर भांडले. मामी म्हणाल्या दांडा.

दांडाच निघाला.

पहिलं फूल उघडलं त्या सकाळी मामांनी खालून हाक मारली, "ये खाली! बस गेली तर जाऊ दे!"

पांढरं. मधोमध पिवळं. मामींनी नाक लावून बघितलं.

"आवं, ह्याला वास न्हाई व्हय?"

"आता वास बी पायजे का तुला!"

मामी हसल्या. वाकड्या तोंडानं, पण मोठ्यांदा. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

पुढं अकरा कुंड्या झाल्या. पाणी फवारायचं काम मामींचं, डाव्या हातानं. मामांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, स्वतःसुद्धा लावला नाही.

काल साडेबाराला मामांचा फोन आला. ते त्यांच्या सख्ख्या भाचीच्या घराचं वायरिंग बघायला दौंडला गेले होते. मी कंपनीत प्रॉडक्शन लाइनवर, समोर सुपरवायझर उभा.

"घरी लाइट गेली हुती म्हणं. टायमर मागं पडला असंल. गेल्यावर काटा फिरव पोरी, मला यायला उशीर हाय."

"हो मामा, करते."

ठेवला. जेवलात का, एवढंसुद्धा विचारलं नाही मी.

दीडला परत तोच नंबर.

"बोला मामा."

"दीदी, ये फोन जिनका है ना, वो उठ नहीं रहे।"

कोण होता तो मुलगा, माहीत नाही. दवाखान्यापर्यंत सोबत गेला, एवढं कळलं.

मी घरी कशी आले आठवत नाही. मुली रस्त्यात होत्या. म्हणजे मामींना सांगायचं मलाच होतं.

मधली खोली लख्ख होती. चार कुंड्यांना फुलं. मामी फवारणी करत होत्या.

"आज लवकर सुटली व्हय? चहा ठेव, ते येतीलच आता."

मी सांगितलं. कुठल्या शब्दांत, विचारू नका.

मामी मला समजावल्यासारखं म्हणाल्या, "न्हाई गं. मी जायची हाय आधी. आमचं ठरलंय."

संध्याकाळी मामांना मामींच्या कॉटशेजारी आणलं. मामींनी डाव्या हातानं त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. सावकाश. रडल्या नाहीत. मग माणसं त्यांना घेऊन गेली, आणि आम्ही बायका मागे राहिलो.

आज सकाळी लाइट आपोआप लागले. मी दचकले. मामी जाग्याच होत्या. माझा हात घट्ट धरला आणि विचारलं,

"तिथं अंधार असंल व्हय गं?"

मी तशीच त्यांच्या कॉटवर टेकले.

दुवा कशी मागतात मला माहीत नाही मामा. आलेल्या बायका म्हणत होत्या तेच माझ्या भाषेत मागते.

तुमची कबर उजेडात राहो.