बर्फावरचा ब्रेक

कराडात गाडी शिकवणारे पुष्कळ आहेत. पहिल्याच दिवशी ते तुम्हाला स्टिअरिंगवर बसवतात, बाजारातनं एक चक्कर मारून आणतात आणि तुम्हाला वाटतं, आलीच की गाडी. नानासोंकडं तसलं काही नाही. त्यांच्याकडं पहिले तीन दिवस नुसतं थांबायचं. वीस पावलं जायचं, थांबायचं. परत वीस पावलं, परत थांबायचं. निवृत्त झाल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी त्यांच्याकडं शिकायला गेलो, तेव्हा तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "नानासो, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी. घर्षण म्हणजे काय ते मला कळतं."

"तुमाला कळतंय, मास्तर," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या पायाला कुटं कळतंय?"

तेव्हापासून आमची दोस्ती आहे. मी चिडका, ते थंड, त्यामुळं जमतं.

नानासो मूळचे आटपाडीकडचे. घर मेंढपाळांचं, पाऊसकाळ सोडला तर वर्षभर कृष्णाकाठानं मेंढरांमागं फिरणारं. ह्यांना मात्र मेंढरांपेक्षा चाकांचं वेड. आधी साखर कारखान्याला ऊस वाहणारा ट्रक चालवला, मग फौजेत भरती झाले आणि चोवीस वर्षं फौजेच्या गाड्या चालवून हवालदार म्हणून परत आले. कराडात दोन खोल्या, एक जुनी छोटी गाडी आणि गाडी शिकवण्याचा धंदा, एवढा सगळा पसारा. बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक पितळी ढाल होती. चोवीस वर्षांत एकही अपघात केला नाही म्हणून पलटणीनं निरोप देताना दिलेली. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसायची, पण नानासो स्वतः तिच्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. मला वाटायचं, काय विनय आहे माणसाचा.

त्यांची एकुलती एक मुलगी सृष्टी, जनावरांची डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी ती लडाखला गेली, तिथल्या पश्मिना शेळ्यांवर काम करायला. तिची आई हरणाबाई सगळ्यांना सांगायची, "मेंढरामागनं सुटावी म्हणून पोरीला शिकिवली, आन् ती शिकून परत शेरडांच्याच मागं गेली. ती पण कुटं, तर हिमालयात." तक्रारीचा सूर असायचा, पण तोंडावरचं कौतुक काही लपायचं नाही.

गेल्या डिसेंबरात सृष्टी चुलतभावाच्या लग्नाला आली. मी संध्याकाळचा चहाला गेलो होतो, तेव्हा ती नव्या गाडीचं सांगत होती. तिच्या संस्थेनं ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली होती, म्हणजे इंजिनाची ताकद चारी चाकांना देणारी. जुना ड्रायव्हर सोडून गेलेला, त्यामुळं जानेवारीपासून डोंगरात खाली-वर गाडी तीच नेणार.

"आप्पा, लय भारी गाडी हाय. बर्फात जागच्या हलायच्या न्हाईत लोकांच्या गाड्या, ही मुंगीगत चढून जाती. घसरायचं नावच न्हाई."

नानासोंनी कप खाली ठेवला. "चढती ते ठीक हाय. थांबती कशी?"

"चारी चाकांची गाडी हाय आप्पा."

"ब्रेक कुठल्या गाडीला दोन चाकावर असतोय?"

सृष्टी हसली. "तुमच्या लॉरीचा जमाना गेला आता."

नानासोंनी कप उचलून उरलेला चहा संपवला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या कुंडलच्या रानात ऊस तुटलाय न्हवं? बांधालगतच्या रस्त्यावर रातभर पाणी सोडाय सांगा."

कुंडलला माझी तीन एकर काळी जमीन आहे. आमच्या काळ्या मातीची गंमत ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून कळायची नाही. वाळली की दगड, भिजली की साबण. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्यांच्या चाकांनी ती डांबरी रस्त्यावर येते, वर दव पडतं, आणि सकाळी सकाळी मोटारसायकलवाले पटापट आडवे होतात. नानासोंना बर्फ हवा होता आणि सातारा-सांगलीत त्याच्या सगळ्यात जवळचं तेच होतं. मी वाटेकऱ्याला फोन केला. रस्त्याला पाणी पाजायचं म्हटल्यावर त्यानं मला दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

जुन्या गाड्यांचा व्यापार करणारा मोहसीन नानासोंचाच विद्यार्थी. त्याच्याकडं तसलीच एक चारी चाकांची गाडी विक्रीला आली होती, ती त्यानं दिवसभरासाठी दिली. ती सृष्टीनं चालवायला घेतली, शेजारी नानासो, मागं मी. नानासोंची जुनी गाडी मोहसीन घेऊन मागनं आला. वाटेत एक लांब उतार लागला, तसा सृष्टीनं गिअर काढून गाडी सरळ न्यूट्रलमध्ये टाकली. आमच्या भागात हे रक्तातच आहे. उसाच्या ट्रकवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत जो तो उताराला गिअर काढतो. तेवढंच डिझेल वाचतं. मी स्वतः करत होतो, नानासोंची बोलणी खाईपर्यंत. नानासोंनी तिच्या हाताकडं पाहिलं. मला वाटलं, आता झापणार. पण ते खिडकीबाहेर बघत बसले.

रानात आधी उभ्या गाडीनं निघून बघायचं ठरलं. चिखलात आमची जुनी गाडी जागच्या जागी चाकं फिरवत राहिली. मोहसीनची गाडी सृष्टीनं सुरू केली आणि ती कोरड्या डांबरावरनं निघावी तशी सरळ चालत गेली. सृष्टीनं खिडकीतून आमच्याकडं बघून भुवया उडवल्या.

मग नानासोंनी रस्त्याच्या मधोमध उसाच्या वाढ्याची, म्हणजे हिरव्या शेंड्यांची, एक पेंढी ठेवली. "ही म्हंजी म्होरली गाडी. तिसाच्या स्पीडनं ये, मी हात केला की ब्रेक दाब. पेंढीला लागायचं न्हाई."

ती आली. हात वर झाला, तिनं ब्रेक दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, तशी दचकून तिनं पाय उचलला आणि गाडी पेंढीवरून सरळ पुढं बांधाला जाऊन टेकली. दुसऱ्यांदा नानासो म्हणाले, "थरथरलं तरी पाय उचलायचा न्हाई. चाकं अडकू नयेत म्हणून गाडीच ब्रेक धरती-सोडती. ती तिचं काम करतीया, तू तुझं कर." तिनं पाय रोवून धरला. पेंढी तरीही चाकाखाली गेली. मग जुनी गाडी त्यांनी स्वतः कोरड्या भागातून तेवढाच वेग घेऊन आणली. तीही घसरत गेली, आणि पावलं मोजली तर दोन्हींत जेमतेम तीन पावलांचा फरक.

तीस वर्षं फळ्यावर लिहिलं ते मला तिथं चिखलात उभं राहून कळलं. ताकद दोन चाकांना द्या नाहीतर चारींना, ती ढकलायच्या कामाची. थांबताना सगळ्याच गाड्या सारख्या, टायर आणि जमीन यांच्यात जेवढी पकड असेल तेवढंच पदरात पडतं. उलट जुनी गाडी निघतानाच फिरून फिरून सांगत होती, बाबा रे, इथं निसरडं आहे. नवी गाडी ते सांगतच नाही. निसरड्यावर तिनं कधी वेग घेतला, हे माणसाला कळत नाही. मी हे सगळं सृष्टीला उत्साहानं समजावलं. शिक्षकाची खोड, दुसरं काय.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कळलं सर. जपून चालवीन मी." मग बापाकडं वळली. "आवं आप्पा, पण एवढं काळजीसारखं काय हाय? तुमी त्याच लडाखात गाडी चालवली, असल्या सोयी नसताना. चोवीस वर्सांत एक अपघात न्हाई. तुमचीच पोरगी हाय मी. हाताला येतंयच की."

नानासो पाटाच्या पाण्यात चिखलाचे हात धूत होते. ते धूतच राहिले. मग उठले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"ती ढाल खोटी हाय, सृष्टे."

मोहसीन गाडी पुसायचा थांबला.

"तुझ्या जल्माच्या आदल्या साली माझी बदली वर लडाखात झाली. त्याच्या आदी सगळी नोकरी मैदानात. पैलाच हिवाळा. दुपारची येळ, ऊन पडल्यालं, रस्ता काळा कुळकुळीत. मला वाटलं, डांबर ओलं हाय. ती सावलीची बाजू व्हती, वर बर्फाचा पापुद्रा, काचेगत. गाडी चारी चाकांचीच व्हती. चढ कसा झ्याक चढली. माथ्यावरनं उतार लागला आन् मी गिअर काढला. उसाच्या ट्रकवरची सवय. गिअरमदी ठिवली असती तर इंजनानं चारी चाकं सावकाश धरून ठिवली असती. तेवढं एकच काम ती गाडी उताराला करती, आन् तेच मी काढून टाकलं. मग ब्रेक दाबला. काय हुतंय? दरीकडं चालली. म्या डोंगराच्या अंगाला घातली. शेजारी रहिमान व्हता."

रहिमान म्हणजे लोणंदचे. कांद्याची आडत आहे त्यांची. दर ईदला नानासो सहकुटुंब तिकडं जायचे, सृष्टी त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली. ते डाव्या पायानं लंगडतात. फौजेत कसरत करताना पडले, असं तिला सांगितलेलं.

"पाय त्याच्या बाजूच्या पत्र्यात गावला. तीन महिने दवाखान्यात व्हता, म्होरं फौज सोडून लौकर घरी आला. सायबानं इचारलं तवा रहिमान म्हणला, ब्रेक लागला न्हाई, डायवरची चूक न्हाई. माझ्या घरी बाळंतपण जवळ आल्यालं, त्यानं नोकरी वाचिवली माझी. मी गप बसलो. आजवर गप हाय. मगाशी उताराला तू गिअर काढलास, तवा माझा हात दिसला मला."

 सृष्टीनं एकच विचारलं, "चाचांचा पाय तुमच्यामुळं गेला?"

"व्हय."

परतताना ती मोहसीनबरोबर जुन्या गाडीत बसली. पुढचे चार दिवस घरात ती बापाशी कामापुरतं बोलली. एकटी लोणंदला जाऊन आली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची नानासोंना हिंमत झाली नाही. जायच्या दिवशी पाया पडली, पण वर बघितलं नाही. नानासो मला म्हणाले, "मास्तर, पोरगी वाचावी म्हणून सांगितलं. पण पोरगी गेली हातातनं."  

जानेवारी गेला. तिचे फोन आईला यायचे. फेब्रुवारीत एका दुपारी मी त्यांच्याकडं बसलो होतो आणि फोन नानासोंच्या मोबाईलवर वाजला. त्यांनी घाईत स्पीकर सुरू केला.

"आप्पा, ऐकू येतंय?" मागं वाऱ्याचा आवाज होता. "खालच्या गावात आलोय. शेळ्या आजारी हायत, औषध द्यायचं हाय. उताराच्या माथ्यावर गाडी थांबवली. सावलीतला रस्ता होता. उतरून बुटानं घासून बघितला. काच."

"मग?"

"गाडीत माझ्यासंगं तिघं होते. ते म्हणाले, चारी चाकांची गाडी हाय मॅडम, चला. मी सांगितलं त्यांना. माझ्या वडलांनी असल्याच उताराला गाडी घातली होती, चूक त्यांची होती, आणि त्यांच्या दोस्ताचा पाय अजून लंगडतोय. मग कोण काय बोललं न्हाई. पेट्या पाठीवर घेतल्या आणि चालत उतरलो. चार किलोमीटर."

नानासोंनी विचारलं, "गाडी कशी लावलीस?"

"पहिल्या गिअरमध्ये. चाकाला दगड. हँडब्रेक ओढला न्हाई, गोठतो." मग तिनं विचारलं, "आप्पा, जेवलासा का?"

कुंडलच्या त्या दिवसापासून हा प्रश्न तिनं त्यांना विचारला नव्हता. ते "व्हय, व्हय" म्हणाले. खरं तर जेवले नव्हते, हरणाबाई आतून ताट घेऊनच आली होती.

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "नानासो, परक्या माणसांना तुमची चूक सांगितली तिनं. वाईट वाटलं का?"

"मास्तर," ते म्हणाले, "इतकी वर्सं ती चूक मी दडवून ठिवली, म्हणून ती कुणाच्याच उपयोगाला आली न्हाई. आज तिनं तीन माणसं गाडीतनं खाली उतरवली."  चोवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस माझ्यासमोर सरळ रडला आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

मग त्यांनी पुन्हा मोबाईल उचलला. "रहिमानला सांगतो," म्हणाले. पण डोळ्यांतल्या पाण्यानं नंबर दिसेनात, म्हणून फोन त्यांनी माझ्या हातात दिला.