कडुलिंबाखालची सभा

मनोरमाबाई गेल्याचं सांगायला शाळेचा चपराशी आला, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. ताप उतरतो आहे, असं आदल्याच दिवशी त्यांची भावजय म्हणाली होती... सूप तसंच मांडीवर राहिलं. त्यालाही आता महिना उलटून गेला.

मुलींच्या आमच्या शाळेत त्या तिसरीला शिकवीत, मी चौथीला. त्यांच्या वर्गात कुहीकडची यमुना होती, मामाकडे राहून शिकणारी. आई बाळंतपणात गेली आणि पोर बोलायचीच थांबली. हेडबाईंनी तिला हट्टी ठरवून बाकावर उभं केलं. मनोरमाबाई मात्र मधल्या सुट्टीत तिच्याजवळ बसून शेंगा सोलत. विचारत काही नसत. असे बरेच दिवस गेल्यावर यमुना एकदा म्हणाली, "बाई, हा दाणा खवट हाय." बाईंनी तो दाणा घेतला, स्वतः खाल्ला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

पुढे तिचे वडील न्यायला आले. तिचं लग्न ठरवलं होतं. "आत्ता कुठे बोलू लागली आहे हो," बाईंनी विनवलं. ते हात जोडून म्हणाले, "तुमचं खरं हाय, बाई. पण बिनमायच्या पोरीले मी एकटा कसा सांभाळू?" माणूस वाईट नव्हता, म्हणून त्याच्याशी भांडताही येईना. यमुना गेली. तिचं पुढे काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

त्याच वर्षी प्रांतातल्या शिक्षकांची परिषद नागपुरात भरली. निकाल, शिस्त, अनुदान यांवर भाषणं झाल्यावर बाई उभ्या राहिल्या. "एखादं मूल मनातून खचलं तर शिक्षकानं काय करावं, यावरही बोलू या."

"तो घरचा प्रश्न आहे, बाई. बसा," अध्यक्ष म्हणाले. मंडपात थोडं हसू पसरलं. बाई बसल्या.

सभा सुटल्यावर आम्ही अंगणातल्या कडुलिंबाखाली थांबलो होतो. काटोलकडचे एक मास्तर टोपी हातात घेऊन आले. त्यांचा एक विद्यार्थी नापास झाला आणि त्यानं विहीर जवळ केली होती. "आदल्या दिवशी तो माह्याजवळ येऊन उभा राहिला होता, बाई. मी म्हटलं, जाय घरी. मी काय कराले पाहिजे होतं?"

बाई तिथंच खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मलाही ठाऊक नाही, मास्तर. पण बसा थोडं." ते बसले. आणखी तिघंचौघं येऊन बसली.

पुढे दर वर्षी तिथेच भरणाऱ्या परिषदेत भाषणं संपली की ही मंडळी कडुलिंबाखाली जमू लागली. ठराव नाही, टाळ्या नाहीत. कुणी एखाद्या मुलाविषयी सांगे, बाकीचे ऐकत. उपाय क्वचितच सुचे. "यातून निघतं काय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"काही निघत नाही गं," बाई म्हणाल्या. "मास्तर आले, सांगून गेले. तेवढंच."

परवा त्यांच्या वर्गात डोकावले. मेजाजवळ त्यांनी घरून आणलेलं बुटकं स्टूल अजून तिथंच आहे. कुणाला यावंसं वाटलं तर बसायला जागा हवी, म्हणून त्यांनी ते ठेवलं होतं. मधल्या सुट्टीत त्यावर एक मुलगी बसली होती, खाली मान घालून.

"काय झालं गं?"

"काही नाही."

मी बाईंच्या खुर्चीत बसले. घंटा होईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो...