धीरू कासवाचा आवाज

बँकेत दुपारच्या चहाच्या वेळी माझ्या मुलीचा, मुक्ताचा फोन आला. "बाबा, काकू उठत नाहीये. काका सारखे हाका मारतायत..." स्कूटर चौकात टाकून मी गल्लीतून धावत घरी पोचलो, तर डॉक्टर जिना उतरत होते. शरयू वहिनी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. या गोष्टीला आता दीड महिना होईल.

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको, शाळेत शिकवत. इथे उत्तरेत, नदीकाठच्या संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं मराठी माणसांचं एकत्र घर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लखनऊहून मुलांसाठी टीव्हीवर बाहुल्यांचा एक कार्यक्रम लागायचा. त्यातलं धीरू नावाचं कासव वहिनींनी जुन्या रजईच्या कापडातून शिवलेलं, आणि त्याचा आवाजही त्यांचाच. धीरू मुलांना काहीतरी विचारायचा, "बताओ, नदी सोती कब है?" आणि मग गप्प बसायचा. चांगला लांबलचक गप्प... तेवढ्यात घरोघरची मुलं पडद्याकडे बघून ओरडून उत्तरं देत. मग धीरू सावकाश मान हलवून म्हणायचा, "अच्छा, ऐसा है!" पुढे कार्यक्रम बंद झाला आणि धीरू माळ्यावर गेला.

नव्वदच्या दशकात गल्लीत केबल आली. केबल चालवणारा राकेश लहानपणी धीरू बघत वाढलेला. त्याच्या वडिलांनी काही भाग घरच्या व्हीसीआरवर उतरवून ठेवले होते. ती कॅसेट घेऊन तो आला. "चाची, धीरू को वापस लाते हैं. आज के बच्चे उसको जानते ही नहीं." वहिनी इतक्या खूश झाल्या, की त्याला दोनदा चहा दिला. राकेशने महिनाभर खपून जुने तुकडे कापले, जोडले, खाली कीबोर्डचा ठेका टाकून त्याचं गाणं केलं आणि आमच्याच बैठकीत गल्लीतली मुलं जमवून दाखवलं. मुलं नाचली. वहिनी मात्र ताठ बसून होत्या.

"राकेश, वो चुप वाला हिस्सा कहाँ गया?"

"चाची, इतनी देर कोई चुप रहे तो बच्चा चैनल बदल देता है."

वहिनी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "भाऊजी, कासवाला धाप लागलीय हो." आणि राकेशला सांगितलं, हे दाखवायचं नाही. तो बिचारा कॅसेट काखेत मारून उठला. "हमने तो प्यार से किया था, चाची," एवढंच म्हणाला.

काही दिवसांनी मुक्तानेच विषय काढला. ती तेव्हा कॉलेजात होती. "काकू, गाणं खरंच छान झालंय. तू फक्त काय काढलं तेच बघितलंस." दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी राकेशला बोलावणं धाडलं. गाणं राहील, गप्प बसणंही राहील आणि भाग नवे करायचे, असं ठरलं. वहिनींची बोटं संधिवाताने वळत नव्हती, म्हणून धीरूच्या पोटात हात मुक्ताचा आणि आवाज वहिनींचा. दोघी एकेका वाक्यावर भांडत.

"'अति सुंदर' आता कोणी म्हणत नाही, काकू. 'मस्त' म्हण."

"माझं कासव 'मस्त' म्हणणार नाही."

म्हणालं. अगदी ठसक्यात म्हणालं.

पहिला नवा भाग रविवारी सकाळी लागला तेव्हा मी पंचगंगा घाटाकडून भाजी घेऊन येत होतो. गल्लीतल्या खिडक्या-खिडक्यांतून धीरूचा तोच प्रश्न ऐकू आला आणि मग सगळं शांत झालं. मी पिशवी धरून तिथेच थांबलो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एका मुलीचा आवाज आला, "सोती ही नहीं!" समोरच्या घरातून दुसरं कोणी ओरडलं, "जब बिजली जाती है, तब!" मग सगळी गल्लीच बोलायला लागली. घरी येऊन वहिनींना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "आधी कोण बोललं?"

त्या गेल्यावर तेरावा झाला आणि राकेश आला. वहिनींच्या आवाजाचे तुकडे जुळवून नवे भाग करता येतील, असं त्याचं म्हणणं. दादाने मुक्ताकडे बघितलं. ती म्हणाली, "नको, राकेशभैया. जो काकू ने बोला नहीं, वो उसके मुँह में मत डालो. पुराने दिखाओ. नए मैं करूँगी, अपनी आवाज़ में." राकेशने मान डोलावली आणि डोळे पुसले. तिचा पहिला भाग गेल्या आठवड्यात लागला. आवाज बारीक आहे, घाई करते. जिन्यात एका पोराने तिला विचारलं, "धीरू को ज़ुकाम है क्या?" ती म्हणाली, "नहीं, अब मैं बोलती हूँ."

वहिनींचं रेकॉर्डिंग स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत चाले, दुपारी. त्या वेळात घरात कुकर लावायचा नाही, असा दादाचा दंडक होता. परवा माझ्या बायकोने दुपारी डाळ लावली. पहिली शिट्टी झाली तसा दादा लगबगीने आत गेला आणि गॅस बंद करून ओट्यापाशी उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने स्वतःच काडी ओढून गॅस पुन्हा पेटवला.