कुंदाताईंच्या गाडीचा काटा

बोरीवलीत आमच्या भागातल्या निम्म्या बायकांना गाडी शिकवली ती कुंदाताईंनी. त्यांचा हट्ट एकच: वेग पायाला कळत नाही, काट्याकडे बघा. चाळीस म्हणजे चाळीस. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले, म्हणून नितेशचं नाव काढलं की माझं अजून डोकं फिरतं.

नितेश त्यांचा पुतण्या. दरवर्षी गणपतीला क्लास बंद ठेवून शिकवायची ही गाडी घरच्यांना घेऊन कणकवलीला जाते. गावच्या वाटेवर तिचं पोट घासतं, म्हणून यंदा त्यानं मोठी चाकं आणि जाड टायर बसवून आणले. 'काकी, झकास दिसतेय ना?' परत आल्यावर जुनी चाकं लावायची आठवण कोणाला? दिवाळीपर्यंत आम्ही त्याच गाडीवर शिकलो.

मग चलान आलं. गावाहून परततानाचं, ऐंशीच्या रस्त्यावर अठ्ठ्याऐंशीचं. गाडी कुंदाताईच चालवत होत्या. 'काटा ऐंशीच्या वर गेलाच नाही,' असं त्या चौकीत तावातावानं सांगून आल्या. तिथे सगळे हसले. घरी नितेशही हसला.

'जाऊ दे ना काकी, सगळ्यांनाच येतं.'

सगळ्यांना येत असेल, कुंदाताईंना आजवर कधी आलं नव्हतं!

शेवटी ती चाकं बसवणाऱ्या टायरवाल्याकडेच उलगडा झाला. काटा चाकाच्या फेऱ्यांवर चालतो. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, आणि काट्याला त्याचा पत्ताच नसतो.

'मग बसवताना तोंडाला कुलूप होतं का?' कुंदाताई भर दुकानात कडाडल्या. नितेशला माळ्यावरची जुनी चाकं आणायला पिटाळलं आणि तिथल्या तिथे लावून घेतली. तो कुरकुरला, गाडी परत म्हातारी दिसतेय म्हणे. निर्लज्ज मेला!

मला वाटलं, मिटलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

'श्रुतिका, तुला चाळीस म्हणून शिकवलं ते चव्वेचाळीस होतं गं. रविवारी ये.'

'ताई, लायसन मिळालंय मला. चारनं काय होतं?'

'पोर आडवं आलं की कळतं काय होतं!' त्या ओरडल्याच. मग आवाज उतरला. 'मी सांगितलं म्हणूनच तू खरं मानलंस ना? म्हणून ये.'

रविवारी गेले, तर गणपतीनंतर शिकलेल्या आम्ही सगळ्याजणी हजर. एकेकीला स्टिअरिंगवर बसवून त्यांनी खरं चाळीस दाखवलं. नितेशला मागच्या सीटवर बसवून ठेवलं होतं, शेवटचीचं होईपर्यंत.